आधी मामा, मग फाँट

१९९८ सालच्या जूनमध्ये उपयोजित कलेची पदविका आणि काळ्या रेक्झिनचा एक अवाढव्य पोर्टफोलिओ घेऊन मी कोल्हापुरातल्या एका छापखान्याची पायरी चढले. पोर्टफोलिओ उभा धरला तर माझं तोंड झाकायचं आणि आडवा धरला तर दारातून आत जायचा नाही. शेवटी तो तिरका करून आधी आत ढकलला आणि मागून मी गेले. मालक काउंटरमागे बसून प्रूफ वाचत होते. गिऱ्हाइकापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही पहिल्याच मिनिटाला अण्णा म्हणून मोकळी झाले.

अण्णांनी माझं सगळं शिक्षण पाच मिनिटांत चाळलं. साबणाचं वेष्टन, चहाची जाहिरात, कॅलिग्राफीतला गणपती. 'पाणी वाचवा'च्या पोस्टरवर मात्र ते थांबले. या पोस्टरला कॉलेजच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं. पांढराशुभ्र कागद आणि खालच्या कोपऱ्यात निळा एक थेंब, बस्स.

"बाकीचं कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"बाकीचं म्हणजे?"

"थेंब दिसला. पुढचं छापायचं राहिलंय काय?"

मी समजावून सांगितलं, की अण्णा, ती मोकळी जागा मुद्दाम सोडलीय. मोकळी जागा बोलते.

"आमच्यात मोकळी जागा सोडली की आत्याबाई बोलत्यात," अण्णा म्हणाले. "एवढ्या जागेत आत्याची पाच पोरं बसली असती."

मग त्यांनी पोर्टफोलिओ मिटला आणि खरी मुलाखत सुरू केली. "मला सांग, मुलाकडची लग्नपत्रिका हाय. मामाचं नाव कुठं घ्यायचं आणि चुलत्याचं कुठं?"

मला येईना. रंगचक्र येत होतं, अक्षरांचे वळसे येत होते, जर्मनीतल्या बाउहाउसवर तर मी वीस मिनिटं बोलू शकले असते. मामाबद्दल अभ्यासक्रमात काहीच नव्हतं.

"चुलते घरातले, ते खाली 'आपले नम्र'मध्ये. मामा मानाचा, त्याला सवती ओळ. आधी मामा, मग फाँट. फाँट काय पळून जात नाही, मामा जातोय." एवढं बोलून अण्णांनी मला महिना पंधराशेवर ठेवून घेतलं. चहा प्रेसचा.

त्या काळी छापखान्यात दोन युगं एका भिंतीच्या अंतरानं नांदत होती. पुढच्या खोलीत संगणक. त्याला एसी, पडदा आणि सकाळ-संध्याकाळ उदबत्ती. आत शिरताना चपला बाहेर. अण्णांच्या घरच्या देवांना एसी नव्हता. मागच्या खोलीत ट्रेडल मशीन, शाईचा वास आणि खिळे जुळवणारे तात्या. शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणाचे ते खिळे. इंग्रजीला सव्वीस अक्षरांत संसार उरकता येतो. आपल्याला काने, मात्रे, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं धरून काही शे घरांची केस लागते. तात्या तिच्यासमोर उभे राहून न बघता एकेक खिळा उचलत आणि स्टिकमध्ये बसवत. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. पन्नास वर्षं आरशातलं मराठी वाचून तात्यांना सरळ मराठीच जरा संशयास्पद वाटायला लागलं होतं. अँब्युलन्सवर पुढच्या बाजूला उलटी अक्षरं लिहितात ती ते सरळ वाचत आणि विचारत, "यात विशेष काय केलंय?"

तात्यांकडून मला एक गोष्ट कळली. मोठ्या टाइपातले खिळे मोजकेच असत. आमच्याकडच्या ठळक टाइपात 'टी' होत्या दहा. कोल्हापूर जिल्ह्यात ही परिस्थिती किती गंभीर आहे ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. पत्रिका पाटलांची असायची. दहा पाटील जुळवून झाले की अकराव्या पाटलाला 'टी' शिल्लक नसायची. तेव्हा तात्या शांतपणे पुढे 'व समस्त पाटील परिवार' असं बारीक टाइपात जुळवत आणि फर्मा आवळत. आपल्या पत्रिकांवरचा 'समस्त परिवार' हा नम्रतेतून नव्हे, तर 'टी'च्या टंचाईतून जन्माला आला, असा माझा तर्क आहे. कुणाला पीएच.डी. करायची असेल तर विषय मोकळा आहे.

संगणकानं ही टंचाई संपवली. कोरलड्रॉ उघडायचं, श्रीलिपीत टाइप करायचं, आणि 'टी' लागतील तितक्या. मराठी लग्नपत्रिकेचा शेवटचा बांध तिथं फुटला. निमंत्रक झाले, मग स्वागतोत्सुक आले, मग व्यवस्थापक, मग कार्यवाहक, मग 'प्रमुख उपस्थिती'. चार पानांच्या पत्रिकेत लग्न कुणाचं आहे ते शोधायला बोट फिरवत जावं लागे. सगळ्यांत शेवटी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असं म्हणणारी पोरं. त्यांतलं एक तर अजून पोटात होतं. त्याच्यासाठी अण्णांनी 'व येणारे बाळ' असं टाकून दिलं. नातेवाईक फार खूश झाले.

कॉलेजात आम्हाला एक तत्त्व घोकून घेतलं होतं. पानावर काय आधी दिसायला हवं, मग काय, मग काय, हे आकारातून ठरवायचं. डोळा मोठ्या अक्षराकडे आधी जातो. हे साफ खोटं आहे. पत्रिका हातात आल्यावर डोळा आधी स्वतःच्या नावाकडे जातो, मग जावेच्या नावाकडे, आणि मग दोन्हींच्या आकाराची तुलना करतो. बहात्तर पॉइंटांचा एक इंच होतो आणि बारा पॉइंटांचा एक पायका. हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. अर्ध्या पॉइंटाला प्रत्यक्षात किती वजन असतं ते एका काकांनी शाळेची फूटपट्टी खिशातून काढून काउंटरवर ठेवली तेव्हा समजलं. त्यांचं म्हणणं होतं, की धाकट्या भावाचं नाव त्यांच्यापेक्षा रुंद आलंय. ते खरंच रुंद होतं, कारण भावाचं नाव ज्ञानेश्वर आणि यांचं नाव बबन. मी अक्षरसंख्येचा मुद्दा काढला. अण्णांनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि 'श्री. बबन'चं 'श्रीमान बबनराव' केलं. काका निघून गेल्यावर म्हणाले, "अक्षरं मोजत्यात ती शाळेत. इथं माणसं मोजायची."

आईला मात्र हे करिअर वाटत नव्हतं. तिच्या मैत्रिणींच्या मुली इंजिनीअर होत होत्या आणि मी पत्रिकेवरच्या मोराला पिसं लावत होते. मी तिला दादासाहेब फाळक्यांचा दाखला द्यायची. फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, मग बडोद्याच्या कलाभवनात शिकले. पुढे फोटोग्राफीचा धंदा काढला तर, असं सांगतात, की कॅमेरा माणसाचं सत्त्व शोषून घेतो अशी आवई उठली आणि गिऱ्हाईक फिरकेना. मग राजा रविवर्म्याच्या लोणावळ्याजवळच्या छापखान्यात काम केलं. मग स्वतःचा छापखाना काढला. तिथं भागीदारांशी बिनसलं. तेव्हा कुठं वैतागून सिनेमाकडे वळले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. "म्हणजे छपाईत अपयश आलं तरी पुढे काहीतरी होतं," मी म्हणायची. आई म्हणायची, "तुझं अजून फोटोपर्यंतही आलं नाही."

ते लवकरच आलं. अपयश, म्हणजे.

मे महिन्यातली गोष्ट. दिवसाला सात-आठ पत्रिका. अशा वेळी कुणी कोऱ्या पानावरून सुरुवात करत नाही. जुन्या पत्रिकेची फाइल उघडायची आणि नावं बदलायची. मीही तेच केलं. एका घरच्या पत्रिकेत आजोबांची दोन नावं होती, थोरले आणि धाकटे. त्यांतले धाकटे आदल्या वर्षी वारलेले, थोरले हयात आणि ठणठणीत. जुन्या फाइलमध्ये दोघेही कैलासवासी होते. मी नावं बदलली. 'कै.' तसाच राहिला, दोघांच्याही मागे. घरच्या तिघांनी प्रूफ वाचून सह्या केल्या, कारण प्रत्येकानं फक्त स्वतःचं नाव वाचलं होतं. पाचशे पत्रिका छापून गेल्या.

तिसऱ्या दिवशी कैलासवासी स्वतः प्रेसमध्ये आले. पांढरा फेटा, हातात काठी, वय पंच्याऐंशीच्या पुढे. मी टेबलाखाली काहीतरी शोधू लागले. अण्णांनी हात जोडून खुर्ची दिली, पाणी दिलं. आजोबांनी पत्रिका उघडली, ओळीवर काठीचं टोक ठेवलं आणि म्हणाले, "हे कुणी केलंय?"

अण्णा म्हणाले, "पोरगी नवीन हाय. चूक झाली. 'कै.' काढून देतो."

"'कै.'चं ऱ्हाऊ दे," आजोबा म्हणाले. "आज ना उद्या व्हायचाच हाय. पण धाकट्याचं नाव माझ्या वर कसं गेलं? मेला म्हणून काय थोरला झाला काय त्यो?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मुलाखतीतला मामा होता.

पाचशेतल्या शंभर तोवर वाटून झाल्या होत्या. उरलेल्या चारशेंची दोन नावांची ओळ बायंडरनं एकेक करून नव्या पट्टीनं झाकली. थोरले वर, धाकटे खाली. पट्टीच्या कडा दिसू नयेत म्हणून दोन्ही टोकांना सोनेरी गणपती चिकटवले. लग्नात लोकांनी त्या डिझाइनचं कौतुक केलं, आणि पुढच्या हंगामात 'तसे दोन गणपती पायजेत' म्हणून चार गिऱ्हाइकं आली. आजोबा पुढे सहा वर्षं जगले. दर दिवाळीला प्रेसमध्ये येऊन मला विचारायचे, "काय, मी हाय का अजून?"

आमच्या धंद्याचा इतिहास वाचला तेव्हा मला जरा धीर आला, कारण आरंभापासून हे असंच चाललंय. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात उतरला. तो निघाला होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. गोव्यात थांबला तो थांबलाच. या देशात छापखान्यानं केलेलं अगदी पहिलं कामच चुकीच्या पत्त्यावर पोचलं. त्यानंतर आमच्याकडून काही वेळेवर आणि योग्य ठिकाणी पोचावं अशी अपेक्षा लोक का धरतात, मला कळत नाही. फादर स्टीफन्स यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातच छापलं गेलं, पण रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे कुणाकडे नव्हते. आज चारशे वर्षांनंतर खिळ्यांची अडचण नाही, फोनमध्ये देवनागरी फुकट मिळते, तरी गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर रोमन अक्षरांत पाठवतं. फादरना निदान नाइलाज होता.

रोमन मजकुरातून मराठी माणूस ओळखणं ही वेगळी विद्या आहे. त्यात 'काळे' आणि 'काले' एकच. 'माने' आणि 'मने' एकच. 'माळी' आणि 'माली' एकच. एकदा 'वडे'बंधू छापून गेले, ते 'वाडे'बंधू होते. जेवणात वडे होते, त्यामुळे पाहुण्यांचा गैरसमज फारसा झाला नाही.

शाईचीही तीच कथा. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला असलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचं यंत्र घडवून १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील धर्मग्रंथ शिवायला तयार नव्हते, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असं सांगतात. मला हे शंभर टक्के पटतं, कारण माझं गिऱ्हाईक याच वंशातलं आहे. शालूचा काठ कापून आणतात आणि म्हणतात, हाच रंग पाहिजे. पडद्यावर तो रंग उजळ दिसतो, कारण पडदा उजेडातून रंग करतो. कागदावर तो चार शाया एकमेकींवर बसून होतो. पोपटी आणि भगवे त्यात हमखास मार खातात. हे मी पंचवीस वर्षं समजावून सांगतेय. लोक ऐकून घेतात आणि म्हणतात, "कळलं ताई, पण फोनवर होता तसाच द्या."

मग फ्लेक्स आला आणि माझ्या करिअरला खरं मैदान मिळालं. दहा बाय वीस फूट! कॉलेजातल्या थेंबाला केवढी जागा झाली असती. पण फ्लेक्सवर थेंब नसतो, डोकी असतात. वर डाव्या कोपऱ्यात दिवंगत नेते, त्यांच्या शेजारी हयात नेते, मधे वाढदिवसवाले 'भावी' कुणीतरी, गॉगल घालून, हात छातीवर बांधून. आणि खाली शुभेच्छुकांची रांग, पासपोर्ट आकारात. एका फ्लेक्सवर मी बेचाळीस डोकी बसवली आहेत. फोटो येतात ते लग्नातले. कापून घ्यावे तर खांद्यावर एक बांगड्यांचा हात उरतोच. तो हात खोडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

डोक्याचा आकार वर्गणीवर ठरतो, हे मी स्वतःच शोधून काढलं. पाचशेवाला अंगठ्याएवढा, पाच हजारवाला वाटीएवढा. ज्यानं अख्ख्या फ्लेक्सचे पैसे दिले तो मुख्य माणसाच्या इतका जवळ, की वाढदिवस नक्की कुणाचा असा संशय यावा. आणि एक नियम. असल्या फाइलमधली डोकी कधीही एकजीव करून ठेवायची नाहीत. प्रत्येक डोकं सुटं पाहिजे. निवडणुकीच्या आठवड्यात कोण कुठल्या फ्लेक्सवर जाईल सांगता येत नाही. एकदा एकाच गृहस्थांना सोमवारी एका रंगाच्या फ्लेक्सवरून उचलून गुरुवारी दुसऱ्या रंगाच्या फ्लेक्सवर ठेवलं. फोटो तोच, गॉगल तोच. फक्त खांद्यावरच्या उपरण्याला रंग दिला.

अधूनमधून कलेचा विषय निघतो. विंडोजबरोबर 'मंगल' नावाचा देवनागरी फाँट आला तेव्हा मी अण्णांना हौसेनं सांगितलं, की हा र. कृ. जोशींनी केलाय, ते मोठे सुलेखनकार आणि कवीही. अण्णा एकदम उत्साहात आले. "नावच मंगल? मग पत्रिकांना हाच लाव." मी म्हटलं, अण्णा, तो पडद्यावर वाचण्यासाठी केलाय, पत्रिकेला शोभणार नाही. "शोभू दे नायतर नको, गिऱ्हाइकाला नाव सांग." मी सांगितलं. त्या वर्षी आम्ही मंगल फाँटसाठी पत्रिकेमागे पन्नास पैसे जास्त घेतले आणि कुणी कुरकुर केली नाही. दहाव्याच्या कार्डांसाठी मात्र तो फाँट द्यायचा नाही असा अण्णांचा दंडक होता.

माझ्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका मी हौसेनं केली. एकच रंग, हातकागद, मधोमध दोन नावं, खाली तारीख. बाकी सगळी मोकळी जागा. सासऱ्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि हळूच माझ्या वडिलांना विचारलं, की छपाईचे पैसे कमी पडत असतील तर आम्ही देतो. रात्री अण्णांनी मला न सांगता मागच्या खोलीत ट्रेडलवर एक वेगळं पान छापून आत घातलं. अडतीस नावं. मामा सवत्या ओळीत. तात्यांनी स्वतः जुळवलेली ती शेवटची पत्रिका. माझं माहेर पाटलांचं, त्यामुळे अकराव्यापासून पुढे समस्त परिवार.

आता तात्या नाहीत, अण्णा घरी असतात आणि काउंटरमागे मी बसते. नोकरी मागायला मुलं टॅब घेऊन येतात. चित्रं सुंदर असतात, मी सगळी बघते. मग विचारते, मुलाकडची पत्रिका आहे, मामाचं नाव कुठं घ्यायचं? बहुतेक मुलं गूगल उघडतात. गेल्या महिन्यात आलेल्या एका मुलीनं मात्र टॅब बाजूला ठेवला आणि उलट मलाच विचारलं, "मामा एक आहेत की दोन? आणि दोन असतील तर त्यांचं बोलणं आहे का?" तिला मी उभ्या उभ्या कामावर घेतलं. पगारही तिनं सांगितला तो.

तर, तुळशीचं लग्न झालं की तुमचीही लग्नं सुरू होतील. पत्रिकेचा मजकूर देवनागरीत लिहून आणा. नावांचा क्रम घरी भांडून ठरवून या, काउंटरवर नको. प्रूफ वाचताना आपलं नाव शेवटी वाचा आणि 'कै.' आणि 'श्री.' मोजून घ्या. सही झाल्यावर प्रेस जबाबदार नाही. गणपतीची चिकटपट्टी वेगळ्या दरानं मिळेल.